अक्कलदाढ काढल्यावर शेजारच्या दाढेमागचे हाड: ब्रेसेस चालू असलेल्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण २७ वर्षांची, राहणार ठाणे (नौपाडा), नोकरी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. तक्रार दोन प्रकारची होती. खालचे पुढचे दात वरच्या दातांना धारेला धार लागून होते, आणि खालच्या ओळीत साधारण ४ मिमी गर्दी होती. ब्रेसेस लागून सहा महिने झाले होते. खालच्या चारही मोठ्या दाढांवर बँड, म्हणजे धातूचे पट्टे, होते.

योजना अशी होती की पुढची छोटी दाढ न काढता संपूर्ण खालची ओळ दोन्ही बाजूंनी सुमारे अडीच मिमी मागे न्यायची. त्यासाठी खालच्या जबड्याच्या गालाकडच्या हाडाच्या कट्ट्यात, म्हणजे बकल शेल्फमध्ये, स्क्रू बसवायचे आणि त्यांच्या आधाराने ओळ खेचायची. ओळ मागे न्यायची तर शेवटच्या दाढेमागे जागा हवी, म्हणून अक्कलदाढा काढणे भाग होते. या लेखात दातांचे नेहमीचे क्रमांक वापरले आहेत: उजवीकडची खालची दुसरी मोठी दाढ ४७ आणि तिच्यामागची अक्कलदाढ ४८, डावीकडे ३७ आणि ३८.

४८ काढायला तिला २१ व्या वर्षीही सांगितले होते. तेव्हाचे कारण होते, "अक्कलदाढा ढकलतात, पुढचे दात वाकडे होतील." ते कारण कच्चे होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश यादृच्छिक चाचणीत अक्कलदाढ काढल्याने खालच्या पुढच्या दातांची गर्दी थांबते असे दिसले नाही, आणि २००० साली ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेने कोणताही आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा सरसकट काढू नयेत अशी सूचना दिली. घरच्यांनी दुसरे मत घेतले, "दुखत नाही तर राहू द्या" असे ऐकले आणि विषय संपला. पण खरे कारण वेगळे होते आणि ते तेव्हा कोणी मोजलेच नव्हते. ४८ पुढे झुकून ४७ च्या मुळाला टेकली होती. त्या फटीत ब्रश जात नाही, फ्लॉस जात नाही. सहा वर्षे तिथे थर साचत राहिला.

अडचण

उजवीकडे ४७ च्या मागच्या बाजूला प्रोबने, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळीने, मोजल्यावर गालाकडून ६, मध्ये ७ आणि जिभेकडून ६ मिमी खोली मिळाली. प्रोब बाहेर काढताच रक्त येत होते. निरोगी हिरडीत ही खोली १ ते ३ मिमी असते. सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये, हाडाची कड ४७ चे इनॅमल जिथे संपते त्या रेषेच्या ५ मिमी खाली दिसत होती. सर्वसाधारणपणे ती दीड ते दोन मिमी खाली असते. म्हणजे तीनेक मिमी हाड शस्त्रक्रियेआधीच गेलेले होते. थंडीच्या तपासणीला ४७ ने व्यवस्थित प्रतिसाद दिला, मुळाला झीज नव्हती, आणि ४८ ची मुळे खालच्या जबड्याच्या नसेच्या नलिकेपासून २ मिमीहून जास्त दूर होती.

डावीकडे ३८ जवळजवळ सरळ, अर्धी बाहेर आलेली, वरून हिरडीचा पडदा. दोनदा सूज येऊन गेलेली. ही बाजू सोपी म्हणून नोंदवली गेली. ३७ च्या मागे एकच आकडा लिहिला होता: ४ मिमी. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून लक्षात ठेवावा.

ऑर्थोडॉन्टिक योजनेमुळे प्रश्न साधा राहिला नव्हता. ब्रेसेस नसत्या तर दाढ काढा, जखम भरू द्या, सहा महिन्यांनी मोजा, इतकेच होते. इथे मात्र ज्या खड्ड्यात हाड भरायचे, त्याच दिशेने ४७ ला ढकलायचे होते. हाड कमी असलेला दात हलवता येतो, त्यात वावगे नाही. पण सूज असलेल्या पॉकेटमध्ये, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेल्या खोल फटीत, दात हलवला तर उरलेले हाडही झपाट्याने जाते. म्हणून दात कधी हलवायचा हा प्रश्न किती जोराने हलवायचा यापेक्षा मोठा होता.

आणखी एक मर्यादा सीबीसीटीतच दिसली. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, पाहून वाटते की दाढेमागे जबड्याच्या उभ्या भागापर्यंत भरपूर जागा आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या दाढेचे मूळ मागे जाताना आधी जिभेकडच्या कडक हाडाला भिडते. मुळांच्या पातळीवर उजवीकडे ही जागा ३.५ मिमी होती, डावीकडे ४ मिमी. अडीच मिमीची योजना बसत होती, त्यापुढे नाही. ओपीजीत प्रतिमा मोठी होते आणि ते प्रमाण सगळीकडे सारखे नसते, त्यामुळे मिलिमीटरचा निर्णय ओपीजीवर घेऊ नये.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: अक्कलदाढा तशाच ठेवून दातांच्या बाजू घासून जागा करायची. चार मिमी गर्दी त्यात कशीबशी बसली असती, पण पुढचे दात मागे आले नसते. आणि ४७ मागचे पॉकेट तसेच राहिले असते, कारण ४८ चा मुकुट जागेवर असताना तिथे क्युरेट, म्हणजे मूळ खरवडून साफ करण्याचे हत्यार, पोहोचतच नाही. हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा: ४७ काढून ४८ ला तिच्या जागी आणायचे. ४७ किडलेली किंवा मोठी फिलिंग असलेली असती, आणि रुग्ण सोळा-सतरा वर्षांची असती, तर याचा गंभीरपणे विचार झाला असता. इथे ४८ ची मुळे पूर्ण बनली होती, ती ४५ अंशांत झुकलेली होती, आणि ४७ जिवंत होती. जिवंत दाढेचा सौदा अनिश्चित दाढेसाठी करणे पटण्यासारखे नव्हते.

४८ चा फक्त मुकुट कापून मुळे आत ठेवण्याची पद्धत नस जवळ असते तेव्हा उपयोगी पडते. इथे नस दूर होती. शिवाय ठेवलेली मुळे मागे सरकणाऱ्या ४७ च्या वाटेत आली असती.

खरी चर्चा वेळेवर झाली. एक मत होते की दाढ काढल्यावर आजूबाजूच्या हाडाची उलाढाल काही आठवडे वाढलेली असते, दात त्या काळात लवकर सरकतो, तर स्क्रू त्याच बैठकीत बसवून दोन आठवड्यांत जोर लावावा. पुढच्या छोट्या दाढा काढतात तिथे हा युक्तिवाद आणखी एका कारणाने पटतो: तिथले हाड पातळ असते, उशीर केला तर ते अरुंद होते आणि दात सरकवणे कठीण जाते. अक्कलदाढेच्या जागी हाड जाड असते, अरुंद होण्याची भीती नाही. त्यामुळे घाईचा फायदा कमी आणि धोका तसाच. उजवीकडे थांबायचे ठरले.

डावीकडे मात्र सहा आठवड्यांत जोर सुरू करायचा निर्णय झाला. त्याला आधारही होता: खालच्या ओळीची मध्यरेषा दीड मिमी उजवीकडे होती, त्यामुळे डावी बाजू आधी मागे खेचली तर ती सुधारणारच होती. दोन्ही बाजू एकदम सुरू करण्याचा हट्ट नव्हता.

शेवटचा प्रश्न उजवीकडे हाडाची भर घालायची का. प्रत्येक अक्कलदाढेला ती लागत नाही. पंचविशीच्या आत आणि आधीचे पॉकेट नसेल तर हाड आपोआप चांगले भरते. पण वय २६ च्या वर, दाढ पुढे झुकलेली किंवा आडवी, आणि शेजारी आधीपासून ५ मिमी किंवा जास्त खोली, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर भर घालण्याचा विचार करावा. इथे तिन्ही होत्या.

कोणती भर घालायची हेही ऑर्थोडॉन्टिक योजनेने ठरवले. गुरांच्या हाडापासून बनवलेले ग्राफ्ट, म्हणजे भर घालायचे हाड, वर्षानुवर्षे विरघळत नाही. इम्प्लांटसाठी तो गुण आहे, पण ज्या दिशेने दात सरकवायचा तिथे तो अडथळा. म्हणून मानवी हाडाचे, खनिज काढलेले, विरघळणारे ग्राफ्ट घ्यायचे ठरले. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले दात्याचे हाड मिळते, त्यामुळे ते मिळवणे आपल्याकडे अवघड नाही. ग्राफ्टवर झाकण म्हणून घालायचा कोलॅजनचा पडदा प्राणिजन्य असतो. हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले. घर शाकाहारी, तिने पडद्याला नकार दिला, मानवी हाडाला होकार दिला. पडद्याऐवजी तिच्याच रक्तातून बनवलेले पीआरएफ (रक्त वेगाने फिरवून मिळणारे गुठळीसारखे फायब्रिन) वापरायचे ठरले. पीआरएफ आठवड्या-दोन आठवड्यांत विरघळते, त्यामुळे ते कोलॅजन पडद्याइतका काळ आड उभे राहत नाही. हेही तिला संमतीपत्रावर सही घेण्याआधी सांगितले. आपल्याकडे हा संवाद अनेकदा टेबलावर भूल दिल्यावर होतो, तो फार उशीर असतो.

काय केले

आधी दीड महिना फक्त स्वच्छता. ४७ आणि ३७ वरचे बँड काढून त्याजागी चिकटवायच्या ट्यूब लावल्या. बँडची कड हिरडीखाली जाते आणि तिथे थर साचतो. शिवाय धातूचा पट्टा सीबीसीटीत रेघा उमटवतो आणि नेमके पाहायचे हाड झाकतो. सीबीसीटी बँड काढल्यावरच घेतला होता. खालची तार ४६ आणि ३६, म्हणजे पहिल्या मोठ्या दाढा, यांच्यापाशी कापली, म्हणजे शेवटच्या दाढांवर कोणताही जोर राहिला नाही. एकाच गुच्छाचा छोटा ब्रश आणि दातांच्या फटीतला ब्रश वापरायला शिकवले. थर असलेल्या बाजूंचे प्रमाण २० टक्क्यांखाली येईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख दिली नाही. गौरी-गणपती मध्ये आले, घरी पाहुणे, त्यामुळे तारीख विसर्जनानंतरची धरली.

आईची एक भीती होती, वरची दाढ काढली की डोळ्यावर परिणाम होतो. "काकू, दाढेची नस आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही," असे चित्र काढून समजावले. वरच्या दोन्ही अक्कलदाढा, खाली जोडीदार न राहिल्याने कालांतराने खाली लोंबणार होत्या, म्हणून त्या-त्या बाजूच्या बैठकीतच काढल्या. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

उजवी बाजू आधी घेतली, कारण तिला भरायला सर्वांत जास्त वेळ लागणार होता. २ टक्के लिग्नोकेन, १:८०,००० ॲड्रेनॅलिनसह. छेद ४७ च्या हिरडीच्या कडेने, आणि मागे जाताना गालाकडे वळवून, कारण सरळ मागे गेल्यास जिभेची नस वाटेत येऊ शकते. हाड गालाकडून आणि ४८ च्या मागून कापले. ४७ ला चिकटलेल्या हाडाला बर (ड्रिलचे फिरते टोक) लावला नाही. सलाईनची धार बरवर सतत. मुकुट बरने साधारण तीन चतुर्थांश कापून उरलेला भाग एलिव्हेटरने (दाढ उचकटण्याच्या हत्याराने) फोडला, म्हणजे बर जिभेकडच्या पातळ हाडापलीकडे जात नाही. एलिव्हेटरचा टेकू ४७ वर एकदाही घेतला नाही. हा टेकूच बहुतेक वेळा शेजारच्या दाढेमागचे उरलेसुरले हाड मोडतो.

दाढ निघाल्यावर खरे काम सुरू झाले. ४७ च्या मागच्या मुळावर साचलेल्या थराचा काळा, कडक दगड झाला होता. तो आता पहिल्यांदाच डोळ्यांना दिसत होता आणि हाताला पोहोचत होता. ग्रेसी १३/१४ क्युरेटने मूळ गुळगुळीत होईपर्यंत साफ केले, दाढेभोवतीची पिशवी पूर्ण काढली, सलाईनने धुतले. अनेक ठिकाणी दाढ काढली की लगेच टाके घालतात आणि हा दगड आत बंद होतो; मग हाड कुठून भरणार? या पाच-सात मिनिटांचे मोल ग्राफ्टपेक्षा जास्त आहे. ग्राफ्ट अर्धा सीसी, फक्त ४७ लगतच्या भागात. खड्ड्याचा बाकीचा भाग रक्ताच्या गुठळीवर सोडला. पीआरएफसाठी रक्त १० मिलीच्या रिकाम्या नळ्यांत घेऊन २७०० आरपीएमवर १२ मिनिटे फिरवले होते. पहिला टाका ४७ च्या अगदी मागे, हिरडी दाढेला घट्ट बसेल असा.

दुसऱ्या दिवसापासून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन दिवसातून दोनदा, दोन आठवडे. टाके सातव्या दिवशी काढले. डावी बाजू चार आठवड्यांनी, ग्राफ्टशिवाय.

डावीकडे ठरल्याप्रमाणे सहा आठवड्यांनी २ × १२ मिमी स्क्रू बसवून २०० ग्रॅम जोर लावला. उजवीकडे तीन महिन्यांनी त्याच होल्डरने, त्याच कोनात छोटा एक्स-रे घेतला. खड्डा धूसर दिसत होता. नवे हाड सुरुवातीला खनिजाने कमी असते, एक्स-रेत रिकामे वाटते, पण हाड आहे असे गृहीत धरून जोर लावण्याचे कारणही नव्हते. ग्राफ्टच्या जागी सहा महिने प्रोब घालायचा नाही असे ठरले होते, त्यामुळे हिरडी दाबल्यावर रक्त किंवा पू येतो का आणि एक्स-रेत नव्या हाडाची जाळी दिसते का, इतक्याच खुणा हाताशी होत्या. आणखी एक महिना थांबले. चौथ्या महिन्यात जाळी दिसली, हिरडी घट्ट आणि फिकट गुलाबी होती. तेव्हा उजवा स्क्रू बसवला.

निकाल

उजवीकडे सहा महिन्यांनी ४७ मागची खोली ६, ७, ६ वरून ४, ४, ३ मिमी झाली, आणि वर्षाने ३, ४, ३. रक्त येणे थांबले. एक्स-रेत हाडाची कड इनॅमलच्या रेषेखाली ५ ऐवजी सुमारे २.५ मिमीवर आली. इथे एक खबरदारी: दाढ मागे सरकताना थोडी मागे कलली तर मागच्या बाजूची इनॅमलची रेषा हाडाच्या जवळ येते आणि हाड वाढल्यासारखे दिसते. म्हणून फक्त एक्स-रेवर सुधारणा मोजली नाही; इनॅमलच्या रेषेपासून पॉकेटच्या तळापर्यंतचे अंतरही प्रत्येक वेळी लिहिले. तेही सुमारे अडीच मिमीने सुधारले होते. यातले किती ग्राफ्टमुळे आणि किती फक्त दगड काढल्यामुळे, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही.

अडचण आली ती सोप्या बाजूला. जोर लागून चार महिने झाल्यावर ३७ च्या मागे ५ मिमी खोली आणि रक्त. स्क्रूभोवती हिरडी सुजलेली. पहिला प्रश्न होता, हे हाड गेले आहे का? एक्स-रेत मागची कड २.५ मिमीवर होती, म्हणजे फारसे वाईट नाही. पण सुरुवातीचा आकडा काय होता? ४ मिमी, एकाच जागी, आणि तो ३८ वरच्या हिरडीच्या पडद्यातून घेतलेला. पडद्याची जाडी त्यात मिसळली होती की नव्हती, कोणी सांगू शकत नव्हते. त्यामुळे बदल शस्त्रक्रियेचा, स्क्रूचा, लवकर लावलेल्या जोराचा की आधीचाच, याचे उत्तर मिळाले नाही.

सर्वांत जास्त शक्यता हिरडी गोळा होण्याची होती. दाढ मागे सरकली की तिच्यामागची जाड हिरडी पुढे सरकत नाही, तिची घडी पडते आणि प्रोब खोल जातो. हाड मात्र जागेवर असते. जोर सहा आठवडे थांबवला, स्क्रूभोवती आणि दाढेमागे गुच्छ ब्रशने सफाई, दोनदा व्यावसायिक सफाई. खोली ४ मिमीवर आली, रक्त थांबले. मग जोर पुन्हा सुरू केला. मध्यरेषा जुळली, दोन्ही बाजूंनी सुमारे अडीच मिमी मिळाले. एकूण उपचार २६ महिने चालला. त्यातले चार-पाच महिने थांबण्यात गेले.

वेगळे काय करता आले असते

डावीकडे शस्त्रक्रियेआधी हिरडीचा पडदा बाजूला सारून तीनही जागी मोजायला हवे होते, आणि दाढ निघाल्याबरोबर, टाके घालण्याआधी, हाडाची कड इनॅमलच्या रेषेपासून किती खाली आहे हे उघड्या डोळ्यांनी प्रोबने मोजून लिहायला हवे होते. याला अर्धा मिनिट लागतो. उजवीकडे ते केले होते, कारण तिथे धोका दिसत होता. दोन्ही बाजू एकाच तक्त्यात, एकाच रीतीने नोंदल्या असत्या तर चौथ्या महिन्यातला गोंधळ झालाच नसता.

स्क्रूची जागाही थोडी बदलता आली असती. तो ३७ च्या फार मागे, हलत्या हिरडीत बसला होता. चिकटलेल्या घट्ट हिरडीत, थोडा पुढे घेतला असता तर सूज कमी राहिली असती. डावीकडे सहाऐवजी दहा आठवडे थांबल्याने काही बिघडले नसते, मध्यरेषेला तेवढी घाई नव्हती.

आणि २१ व्या वर्षी? त्या वेळी कोणी ४७ च्या मागे प्रोब घालून आकडा दाखवला असता, तर "पुढचे दात वाकडे होतील" या वाक्यावर वाद घालण्याची वेळ आली नसती. पंचविशीच्या आत ही दाढ निघाली असती तर ग्राफ्टची गरज बहुधा पडली नसती.

ब्रेसेस निघाल्यावर रुग्णाला खाली पुढच्या सहा दातांमागे पक्की तार आणि रात्री घालायचा रिटेनर दिला आहे. ३७ मागची हिरडीची घडी सहा महिन्यांत बसली नाही तर ती जादा हिरडी काढून टाकायची आहे. ४७ आणि ३७ चे मोजमाप दर सहा महिन्यांनी, एक्स-रे वर्षातून एकदा, त्याच होल्डरने.